आधी इंधन, मग टर्बो
पूर्व विदर्भात कमी खर्चात वेगवान गाडी बांधू पाहणाऱ्यांसाठी प्रस्तावना

चंद्रपूर जिल्ह्याला टर्बो नवा नाही. घुग्घुस, सास्ती, पद्मापूर, दुर्गापूरच्या खाणींतून कोळसा भरून निघणाऱ्या टिप्परांच्या इंजिनांवर तो असतो. खुल्या खाणीत माती वाहणाऱ्या अजस्र डंपरांवर असतो. सूरजागडचे लोहखनिज एटापल्ली-आलापल्ली-आष्टीच्या रस्त्याने बाहेर पडू लागल्यापासून गडचिरोलीतही त्याची शिट्टी रोजची झाली आहे. २००० नंतर कडक होत गेलेल्या प्रदूषण-मर्यादांनी डिझेल ट्रकांत टर्बो सार्वत्रिक केला आणि त्याच्यामागोमाग त्याची दुरुस्तीही इथल्या गॅरेजांत आली. टर्बोची दांडी दोन बोटांत धरून हलवली की प्ले किती आहे आणि बेअरिंग अजून किती दिवस काढेल, हे सांगणारे मिस्त्री या पट्ट्यात आहेत. होजमध्ये ऑइल कुठून आले, शिट्टीचा सूर का बदलला, काळा धूर हवा कमी पडल्यामुळे आहे की नोझल बिघडल्यामुळे, हे त्यांना यंत्र न लावता कळते. हे ज्ञान हातांत आहे. कागदावर ते फारसे आलेले नाही.

स्वस्त, जुन्या पेट्रोल गाडीला टर्बो लावून तिची ताकद वाढवायची, आणि तेही हातात पैसे थोडे असताना, हा या अभ्यासाचा विषय. जगभर त्यावर भरपूर लिहिले गेले आहे आणि ते वाचायलाच हवे. पण त्यातली बहुतेक गणिते पंचवीस अंशांची हवा आणि खात्रीचे, चढ्या ऑक्टेनचे पेट्रोल गृहीत धरून मांडलेली असतात. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४७ अंशांपुढे जातो, आणि भामरागडहून निघालेल्या माणसाला पंपांची निवड करण्याची चैन नसते. म्हणून इथल्या अभ्यासकाने एक क्रम पाळावा असे मला वाटते, आणि या प्रस्तावनेत मुख्यतः तोच पटवून द्यायचा आहे: आधी इंधन ठरवायचे, मग हवेच्या तापमानाचा हिशेब करायचा, आणि टर्बो सगळ्यांत शेवटी निवडायचा. नवशिका नेमका उलट्या दिशेने जातो. भंगारात टर्बो स्वस्त मिळतो, म्हणून तो घेतला जातो. मग तो बसावा म्हणून मॅनिफोल्ड वेल्ड होतो. आणि गाडी धावू लागल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात पिस्टनच्या कडा उडतात.

या क्रमाला इतिहासाचाही आधार आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली टर्बोच्या कल्पनेचे पेटंट घेतले. सिलिंडरमधून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंत बरीच ऊर्जा शिल्लक असते. त्या वायूंनी टर्बाइनचे चाक फिरवायचे, त्याच दांडीच्या दुसऱ्या टोकाला कॉम्प्रेसरचे चाक बसवायचे आणि इंजिनात जास्त हवा कोंबायची. जहाजांत आणि विमानांत ही कल्पना लवकर रुजली. मोटारीत यायला १९६२ साल उजाडले. त्या वर्षी अमेरिकेत आलेल्या ओल्ड्समोबिल जेटफायरचे इंजिन १०.२५ इतक्या कॉम्प्रेशनचे होते. त्यावर टर्बोचा दाब चढवला की तेव्हाचे पेट्रोल टिकेना, म्हणून कंपनीने गाडीत एक वेगळी टाकी दिली. तिच्यातले पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण दाब वाढला की आत फवारले जाई. ग्राहक ती टाकी भरायला विसरत, आणि दोन वर्षांत गाडी बंद झाली. टर्बोत मोठी खोट नव्हती. इंधनाचा प्रश्न रोज गाडी वापरणाऱ्या माणसावर सोपवला गेला, तिथे ती हरली.

आपल्याकडचे उदाहरण याहून जवळचे आहे. डिसेंबर १९८३ मध्ये दिल्लीत पहिल्या ग्राहकाच्या हाती किल्ली पडलेल्या मारुती ८०० चे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन सुझुकीच्या एफ कुळातले. त्याच कुळातल्या ५४३ सीसीच्या धाकट्या भावंडाला सुझुकीने जपानमध्ये टर्बो आणि इंटरकूलर लावला आणि १९८७ साली ऑल्टो वर्क्स या चिमुकल्या गाडीतून ६४ अश्वशक्ती काढली. आपल्याकडे याच कुळाचे मोठे इंजिन चाळिशीच्या आसपास अश्वशक्तीवर संसार करत होते. ज्या गाडीने विदर्भातल्या असंख्य घरांना चारचाकी म्हणजे काय ते दाखवले, तिच्या रक्तात टर्बो होता. मात्र ऑल्टो वर्क्सचे सिलिंडर हेड, पिस्टन, ऑइलची व्यवस्था, सगळे टर्बोसाठी नव्याने आखले होते. नात्यातले इंजिन म्हणजे तेच इंजिन नव्हे, एवढे ध्यानात ठेवून हे उदाहरण वापरावे.

या विषयाचा गाभा नॉकिंग आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. पेट्रोल इंजिनात ठिणगी पडली की ज्वाला प्लगपासून भिंतींकडे शिस्तीने पसरायला हवी. ती पसरताना पुढचे न जळलेले मिश्रण दाबले जाते आणि तापते. तापमान आणि दाब दोन्ही पुरेसे चढले, आणि ज्वाला तिथवर पोहोचण्याआधी पुरेसा वेळही मिळाला, तर ते मिश्रण आपणहून एकदम पेटते. त्या धक्क्याने सिलिंडरमधला वायू सेकंदाला हजारो वेळा कंपतो. ७३ मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये सात-आठ किलोहर्ट्‌झच्या आसपास. मिस्त्री म्हणतात, इंजिन ठोकते. टर्बो नसलेल्या गाडीत हे ठोकणे बराच काळ नुसते ऐकू येत राहते. टर्बोच्या गाडीत दाब इतका असतो की धातूवरचा वायूचा पातळ संरक्षक थर विस्कटतो, उष्णता थेट पिस्टनमध्ये शिरते, आणि काही सेकंदांत रिंगांमधली पट्टी तुटते किंवा पिस्टनच्या माथ्याला भोक पडते.

इंधनाचा ऑक्टेन अंक म्हणजे या ठोकण्याला विरोध करण्याची त्याची क्षमता. तो एकाच सिलिंडरच्या प्रमाणित इंजिनावर मोजतात. आयसो-ऑक्टेनला १०० आणि हेप्टेनला शून्य धरून तुलना होते. पंपावर सांगितला जाणारा अंक आरओएन. तो काढताना इंजिनात जाणारी हवा ५२ अंशांची ठेवतात. दुसरा अंक एमओएन. त्यात मिश्रणच १४९ अंशांपर्यंत तापवतात आणि फेरेही जास्त असतात. बहुतेक इंधनांचा एमओएन आरओएनपेक्षा कमी भरतो. इंधन-संशोधक गौतम कालघाटगी यांनी या दोन अंकांतल्या फरकाकडे नव्याने पाहायला शिकवले. इंजिनातला दाब आणि तापमान ज्या वाटेने चढते त्यावर त्या इंजिनाला कोणता अंक लागू पडतो हे ठरते, असे त्यांनी दाखवले. चांगला इंटरकूलर असलेल्या टर्बो इंजिनात दाब जास्त पण त्या मानाने तापमान कमी असते, आणि तिथे आरओएन महत्त्वाचा. तेच इंजिन तापलेल्या हवेवर चालवले की ते एमओएनच्या बाजूला सरकते. चंद्रपूरच्या वाचकाने इथे घटकाभर थांबावे. प्रयोगशाळेत मुद्दाम तापवलेल्या ५२ अंशांच्या हवेपासून आपल्या नवतप्यातली दुपार चार-पाच अंशच दूर असते, आणि ही टर्बोने दाबण्याच्या आधीची हवा.

दाबल्यावर काय होते, त्याचा हिशेब करू. टर्बो हवेचा दाब बाहेरच्या दाबाच्या १.६ पट करतो असे धरा आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरा. ४७ अंशांची हवा कॉम्प्रेसरमधून बाहेर पडते ती साधारण ११३ अंशांची होऊन. जुना, चाकाच्या कडा झिजलेला टर्बो असेल आणि कार्यक्षमता ६० टक्क्यांवर आली असेल तर १२४. आता इंटरकूलर. हवेने हवा थंड करणारा इंटरकूलर बाहेरच्या हवेहून थंड हवा कधीच देऊ शकत नाही. वाढलेल्या तापमानातला तीन-चतुर्थांश भाग त्याने काढून घेतला तरी इंजिनात ६३ अंशांची हवा जाते. हीच गाडी, हाच टर्बो, हाच दाब, पण जानेवारीतली दहा अंशांची सकाळ घ्या: हवा आत जाते जेमतेम २५ अंशांची. दोन ऋतूंत जवळजवळ चाळीस अंशांचा फरक पडला. थंड हवा घनही असते, म्हणून जानेवारीत तेवढ्याच दाबाला सुमारे १३ टक्के जास्त हवा सिलिंडरमध्ये मावते.

या हिशेबातून निघणारा निष्कर्ष साधा आहे, आणि तो न पाळल्यामुळेच इथली इंजिने फुटतात. हिवाळ्यात ट्यून केलेली गाडी उन्हाळ्यासाठी ट्यून केलेली नसते. इंजिन चालवणाऱ्या संगणकात, म्हणजे ईसीयूमध्ये, हवेच्या तापमानानुसार ठिणगीचे टायमिंग मागे घेणारा आणि दाब उतरवणारा तक्ता असतो. नवखे ट्यूनर तो मूळ प्रकल्पात होता तसाच ठेवतात, आणि तो प्रकल्प बहुधा थंड हवेतला असतो. इथे तो तक्ता साठ-सत्तर अंशांपर्यंत स्वतः भरायचा असतो, आणि सेन्सर इंटरकूलरच्या नंतर बसवायचा असतो. फिल्टरच्या डब्यात बसवलेल्या सेन्सरला या ६३ अंशांचा पत्ताच लागत नाही.

आता इंधन. एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानकाखाली साध्या पेट्रोलचा किमान आरओएन ९१ होता. वीस टक्के इथेनॉलचे ई-२० पेट्रोल देशभर पसरल्यावर त्याच्या मानकात तो ९५ झाला. इथेनॉलचा स्वतःचा अंक १०८ च्या आसपास, आणि त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे त्याची बाष्पीभवनाची भूक: एक किलो इथेनॉल वाफ होताना पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषून घेते. म्हणजे आत जाणारे मिश्रण ते थंड करते. मायलेज घटते म्हणून ई-२० बद्दल नाराजी आहे, आणि ती समजण्यासारखी आहे. इथेनॉलमध्ये किलोमागे ऊर्जा कमीच असते. पण टर्बोच्या अभ्यासकासाठी हे इंधन जुन्या ९१ पेक्षा स्पष्टपणे चांगले आहे, आणि महागड्या प्रीमियम पेट्रोलच्या शोधात नागपूर गाठण्यापेक्षा जे गावोगाव मिळते त्यावर गाडी आखावी, असे मी सांगेन. तुमच्या नेहमीच्या फेरीतला सगळ्यांत दूरचा पंप कोणता, तिथे काय मिळते, हे तुमचे इंधन. मूल गावी किंवा चंद्रपुरात कधीमधी मिळणारे चांगले पेट्रोल हा वरचा लाभ समजावा, पाया समजू नये.

ई-२० बरोबर दोन कामे अनिवार्यपणे येतात. एक, मिश्रणाचे प्रमाण. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, शुद्ध इथेनॉलला ९, आणि ई-२० ला सुमारे १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन द्यावे लागते. जुन्या इंजेक्टरांनी आणि पंपाने हे दिले नाही तर मिश्रण हलके पडते, आणि टर्बोच्या दाबाखाली हलके मिश्रण म्हणजे तापमान आणि नॉकिंग. दोन, रबर. एप्रिल २०२३ पूर्वीच्या बऱ्याच गाड्यांचे इंधन-पाइप, ओ-रिंगा आणि गॅस्केट या इंधनासाठी बनलेले नाहीत. बजेट गाडी म्हणजे जुनीच गाडी. टर्बोवर रुपया घालण्याआधी हे पाइप विटॉनच्या जातीचे करून घ्यावेत. इंजिनच्या उष्णतेत दाबाखाली फुटलेला पाइप गाडीसकट माणसाला जाळतो.

पावसाळ्यात गोष्ट बदलते. इथेनॉल पाणी ओढते. थोडे पाणी ते पोटात घेते, पण ठरावीक मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसते आणि वर राहते ते इथेनॉल गमावलेले पेट्रोल. ई-२० चे मूळ पेट्रोल इथेनॉलचा अंक गृहीत धरूनच कमी ऑक्टेनचे बनवलेले असते, त्यामुळे वरचा थर नॉकिंगला अगदी उघडा पडतो. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, आठवडाआठवडा टँकर येत नाही, आणि गाड्या अर्ध्या टाकीवर उभ्या राहतात. अशा वेळी हा धोका पुस्तकी राहत नाही. टाकी भरलेली ठेवावी, झाकणाचे रबर पाहावे, आणि बाटलीतले सुटे पेट्रोल टर्बो गाडीत घालू नये. त्यात केरोसिन मिसळलेले असू शकते, आणि केरोसिनचा ऑक्टेन इतका कमी असतो की थोडीशी भेसळही सगळे गणित उलथवते. पंपावर घनता तपासून घेण्याचा आणि फिल्टर पेपरची चाचणी मागण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. इथेनॉलचे प्रमाण घरीही कळते: मोजपात्रात दहा मिलिलिटर पाणी, त्यावर नव्वद मिलिलिटर पेट्रोल, नीट हलवून स्थिर होऊ द्यायचे. खालचा पाण्याचा थर जितका वाढला तितके त्यात इथेनॉल. ई-२० असेल तर तो दहावरून अठ्ठावीसच्या आसपास येतो.

इथेनॉलचे गुण वाचल्यावर या भागातल्या तरुण वाचकाच्या मनात मोहफुलांचा विचार येणारच, म्हणून स्पष्ट लिहितो. भट्टीवर गाळलेल्या दारूत पाण्याचा अंश मोठा असतो, आणि साध्या ऊर्ध्वपातनाने कितीही वेळा गाळले तरी सुमारे ९६ टक्क्यांपुढे जाता येत नाही; पेट्रोलमध्ये मिसळायला ९९.५ टक्क्यांहून शुद्ध, निर्जल इथेनॉल लागते. हे शास्त्राचे उत्तर झाले. दुसरे उत्तर गडचिरोलीच्या बायकांनी दिले आहे. त्यांच्या आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या लढ्यातून हा जिल्हा १९९३ पासून दारूबंदीत आहे. गाडीच्या हौसेसाठी त्या बंदीला आडवाट शोधणाऱ्या प्रयोगाला या अभ्यासात जागा नाही. इथेनॉलवर इंजिन कसे चालते हे पाहायचे असेल तर आपल्याच विदर्भातले उदाहरण घ्यावे: २०१४ साली नागपुरात स्कॅनियाची इथेनॉल बस धावली. डिझेलच्या तत्त्वावर, ठिणगीशिवाय इथेनॉल पेटावे म्हणून तिच्या इंजिनाचे कॉम्प्रेशन २८ पर्यंत नेले होते. एवढ्या कॉम्प्रेशनवरही ते पेटण्यासाठी त्यात प्रज्वलनाला मदत करणारे रसायन मिसळावे लागे. नॉकिंगला इथेनॉल किती विरोध करते याचा याहून बोलका पुरावा नाही.

जंगलाने मोटारीला इंधन पुरवल्याचा काळही होऊन गेला आहे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग झाले तेव्हा देशभर बसगाड्यांच्या मागे लाकडी कोळशाची भट्टी जोडली गेली, आणि तिच्यातला वायू इंजिनात ओढला गेला. त्या वायूत निम्म्याच्या आसपास नायट्रोजन, म्हणून ताकद फार घटे. पण तो वायू सहसा ठोकत नाही, आणि म्हणूनच जास्त कॉम्प्रेशन किंवा टर्बो देऊन गेलेल्या ताकदीतला बराच भाग परत मिळवता येतो. कोणाला या दिशेने काम करावेसे वाटले तर हा उपविषय अजून मोकळा आहे.

एवढे झाल्यावर टर्बोकडे यावे. आता निवड अंदाजाने होत नाही, आकड्याने होते. १.२ लिटरचे इंजिन ६००० फेऱ्यांवर मिनिटाला ३.६ घनमीटर हवा गिळू शकते. प्रत्यक्षात त्याच्या ८५ टक्के. दाब १.६ पट आणि हवा ६३ अंशांची धरली तर वजनात मिनिटाला पाच किलोच्या आसपास हवा, आणि ती साधारण ११० अश्वशक्तीला पुरते. आता कॉम्प्रेसरचा नकाशा उघडायचा. आडव्या अक्षावर हवेचे वजन, उभ्यावर दाबाचे गुणोत्तर. पाच किलो आणि १.६ हा बिंदू जिथे पडतो तिथे कार्यक्षमता ७० टक्के असावी. बिंदू डाव्या रेषेच्या पलीकडे गेला तर कॉम्प्रेसर धडधडतो. फार उजवीकडे गेला तर हवा कमी आणि उष्णता जास्त देतो. शिवाय ३००० आणि ४००० फेऱ्यांचेही बिंदू मांडायचे, कारण गाडी बहुतेक वेळ तिथेच चालते.

भंगारात सर्वांत सहज हाती लागतो तो १.३ लिटर मल्टिजेट डिझेलचा छोटा टर्बो. फियाटचे हे इंजिन स्विफ्टपासून इंडिकापर्यंत इतक्या गाड्यांत बसले की त्याचे सुटे भाग प्रत्येक शहरात आहेत. पण ७५ अश्वशक्तीच्या या डिझेलला पूर्ण जोरात मिनिटाला साडेचार किलोच्या आसपास हवा लागते, म्हणजे आपली पाच किलोंची मागणी त्याच्या शेवटच्या टोकाला पडते. ८०० सीसीच्या इंजिनाला मात्र १.५ पट दाबावर तीन किलोंच्या आसपास हवा पुरते, आणि तिथे तो नकाशाच्या मधोमध बसतो. शिवाय डिझेलचा टर्बो पेट्रोलवर लावताना तीन गोष्टी बदलतात. डिझेलचा धूर आठशे अंशांच्या आत राहतो, पेट्रोलचा नऊशेच्या वर सहज जातो. साध्या बिडाचे टर्बाइन-घर त्यात तडकते. असे टर्बो बहुधा फक्त ऑइलने थंड होतात, पाण्याचा मार्ग त्यांना नसतो, म्हणून गरम गाडी बंद करताच बेअरिंगमधले ऑइल जळून कोळसा होते. आणि त्यांच्या वेस्टगेटची, म्हणजे दाब मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेची, स्प्रिंग डिझेलच्या चढ्या दाबासाठी लावलेली असते. ती तशीच ठेवली तर पहिल्याच दाबात गॅस्केट जाते. हलत्या पात्यांचा, म्हणजे व्हीजीटी, डिझेल टर्बो तर स्वस्त प्रकल्पात घेऊच नये. पेट्रोलच्या तापात ती पाती अडकतात. पोर्शेने २००६ साली पेट्रोल गाडीत हे तंत्र आणले ते उष्णता सोसणारे खास मिश्रधातू वापरून.

कारखान्यातूनच टर्बो घेऊन आलेली जुनी पेट्रोल गाडी घ्यावी का? माझे उत्तर बहुतेकांसाठी होकारार्थी आहे. चाकणला बनलेली पोलो जीटी टीएसआय, २०१७ ची १०२ अश्वशक्तीची बलेनो आरएस, टाटाची १.२ रेव्होट्रॉन असलेली नेक्सॉन: यांत पाण्याने थंड होणारा टर्बो, नॉक सेन्सर, मजबूत पिस्टन हे सगळे एकमेकांना जुळवून आलेले असते. स्वतः बांधण्यात शिकायला अधिक मिळते, पण पैसे त्यात वाचत नाहीत.

स्वतःच बांधायचे ठरले तर खर्चाचा क्रमही आधीच्याच तर्काने लागतो. रेडिएटर, पंखा आणि ब्रेक पहिले. मग इंधनाचा पंप आणि इंजेक्टर. मग मिश्रण दाखवणारा वाइडबँड सेन्सर आणि धुराचे तापमान मोजणारा थर्मोकपल, कारण न मोजता ट्यून करता येत नाही. ईसीयूसाठी स्पीडुइनोसारखे खुले प्रकल्प आहेत. त्यांचे आराखडे मोफत मिळतात आणि सोल्डरिंग येणाऱ्या आयटीआयच्या मुलाला ते जमतात. हवेचा फिल्टर उत्तम घ्यावा. वणी-घुग्घुसच्या कोळशाच्या धुळीने आणि सूरजागडच्या लाल धुळीने मिनिटाला दोन लाख फेरे घेणाऱ्या कॉम्प्रेसरच्या चाकाची धार उतरते, आणि वर पाहिलेला ७० चा आकडा ६० होतो. जेटफायरची पाण्याची फवारणी मे-जूनसाठी अजूनही उपयोगी आहे, पण टाकी रिकामी झाली की दाब आपोआप उतरेल अशी जोडणी असेल तरच.

गाडी चालवायची कुठे, हा प्रश्न शेवटी ठेवू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितले आहे. एमएच ३३ किंवा एमएच ३४ ची पाटी असलेली, घरी टर्बो चढवलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर नेणे बेकायदा आहे आणि तिचा विमाही धोक्यात येतो. कायदा नसता तरी इथे मी हेच लिहिले असते. चंद्रपूर-मूल रस्ता, मोहर्लीकडे जाणारा रस्ता, आलापल्लीच्या पुढचा सागवानी पट्टा, हे वाघांचे, अस्वलांचे, चितळांचे जाण्यायेण्याचे मार्ग आहेत. नोव्हेंबर २०१८ मध्ये बल्लारशा-गोंदिया मार्गावर रेल्वेखाली वाघाचे तीन बछडे गेले. ठरलेल्या रुळांवर, ठरलेल्या वेळी धावणाऱ्या गाडीपुढेही त्यांना सावरता आले नाही. जंगलाच्या रस्त्यावर टर्बोची चाचणी घेणाऱ्याला मी या विषयाचा अभ्यासक मानणार नाही. बंद ट्रॅक, डायनो, किंवा संघटनेच्या नियमांखालची स्पर्धा हीच याची जागा.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना तर एक तयार मैदान आहे. कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर भरणाऱ्या फॉर्म्युला भारतमध्ये विद्यार्थी स्वतः बांधलेली गाडी आणतात. पेट्रोल गाडीला तिथे २० मिलिमीटरच्या एका छिद्रातूनच हवा घ्यावी लागते, आणि टर्बो लावला तर कॉम्प्रेसर त्या छिद्राच्या नंतर. ते छिद्र मिनिटाला साडेचार किलोहून फार जास्त हवा जाऊच देत नाही, मग टर्बो कितीही मोठा असो. टर्बो शेवटी निवडायचा असतो, हे तिथे नियमच शिकवतो. चंद्रपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा बल्लारपूरच्या एखाद्या कार्यशाळेत बसून हा हिशेब करता येतो, आणि खाणीच्या टर्बोंवर हात बसलेले मिस्त्री त्याच पट्ट्यात आहेत. त्यांना वर्गात बोलवावे.

करण्यासारखे बरेच बाकी आहे. एकाच गाडीत इंटरकूलरच्या आधी आणि नंतर तापमान-सेन्सर बसवून चंद्रपूरच्या हवेत वर्षभराची नोंद कोणी ठेवली, तर ट्यूनरांना आज परक्या हवेतून उसना घ्यावा लागणारा तक्ता इथलाच मिळेल. सिरोंचा, एटापल्ली, कोरची इथल्या पंपांवरचे पेट्रोल मे आणि ऑगस्ट अशा दोन वेळा मोजपात्रात तपासून इथेनॉल आणि पाण्याची नोंद करता येईल. कोळशाच्या पट्ट्यात चाललेल्या जुन्या टर्बोंची चाके मोजून झीज किती किलोमीटरला किती होते हेही काढता येईल. यांतल्या कशालाही मोठा पैसा लागत नाही. पहिल्या कामासाठी दोन थर्मिस्टर, एक अर्दुइनो आणि एक मेमरी कार्ड पुरते. सुरुवात एप्रिलच्या आधी करावी, म्हणजे पहिला उन्हाळा नोंदीत पूर्ण सापडेल.